दोर रस्त्यावरचा, झुला तंबूतला

बीड शहरातून पहिली प्रवासी रेल्वेगाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. सर्कशीवरच्या पुस्तकाची प्रस्तावना रेल्वेपासून सुरू झालेली पाहून कुणी भुवया उंचावेल. पण कुठल्या गावाने किती सर्कस पाहिली हे त्या गावाला स्टेशन होतं की नव्हतं यावर बरंच अवलंबून होतं. आपल्याकडच्या मोठ्या सर्कशी रेल्वेच्या जिवावर वाढल्या. तंबूचं कापड, मधले उंच खांब, गॅलरीच्या फळ्या, पिंजरे, हत्ती, घोडे, जनरेटर, भटारखाना आणि या सगळ्याला हलवणारी माणसं असा लवाजमा एका गावातून उठून दुसऱ्या गावात उतरायचा म्हणजे मालगाडीचे डबेच लागत. बीड जिल्ह्यात ही सोय परळीला होती. निजामाच्या काळापासून परळीला रेल्वे आहे, वैजनाथाचं ज्योतिर्लिंग आहे, महाशिवरात्रीची यात्रा आहे. म्हणजे स्टेशन आणि गर्दी दोन्ही. तेव्हा बीडला यायचं तर नगरकडून किंवा जालन्याकडून रस्त्यानेच. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर या भागात तर मोठा तंबू ही दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची गोष्ट.

त्यात हंगामाचीही अडचण. सर्कस कोरड्या दिवसांची. काळ्या मातीत पाऊस मुरला की मेखा धरत नाहीत आणि मेख सुटली की तंबू गेला. म्हणजे तंबू उभा राहणार दिवाळीनंतर. आणि दसरा-दिवाळी उरकली की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघणाऱ्यांच्या गाड्या भरू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, कोयता बांधलेली, लेकराबाळांसकट निघालेली ही माणसं लाखांच्या घरात आहेत. गावात तंबू लागायचा त्या दिवसांत गावातले पाहणारेच सांगली, कोल्हापूर, बारामतीकडच्या फडात. आयुष्यातली पहिली सर्कस कारखान्याच्या गावी पाहिली, ऊस खाली करून परतताना दिव्याचा झोत आभाळात फिरताना दिसला म्हणून बैलगाडी तिकडे वळवली, असं सांगणारी माणसं आमच्याकडे भेटतात.

एवढ्यावरून बीडचा माणूस सर्कशीला नवखा होता असं कुणी समजू नये. उलट तो फार तयार प्रेक्षक होता. त्याने तंबू क्वचित पाहिला असेल, पण तंबूत जे चालतं ते त्याने लहानपणापासून पाहिलेलं होतं, उघड्यावर, फुकट, आणि दहा हातांवरून. या पुस्तकात सर्कस आणि डोंबाऱ्याचा खेळ एकाच पुठ्ठ्यात बांधलेले आहेत. काही वाचकांना ही बांधणी खटकेल. मला तीच या पुस्तकाची खरी बाजू वाटते, आणि ही प्रस्तावना तिची वकिली करण्यासाठी लिहिली आहे.

आधी रस्त्यावरचा खेळ. बाजाराचा दिवस, वेशीजवळची मोकळी जागा. दोन दोन बांबू कैचीसारखे बांधून समोरासमोर उभे केलेले, त्यांवरून ताणलेला दोर, दोराची दोन्ही टोकं जमिनीत ठोकलेल्या लोखंडी मेखांना. बाप ढोल वाजवतो, आई थाळी बडवते, आणि आठ-दहा वर्षांची पोर बांबूवरून चढून दोरावर पाय ठेवते. हातात आडवी लांब काठी. आधी नुसतं चालणं, मग डोक्यावर एकावर एक तांब्ये, मग पायाखाली थाळी घेऊन सरकणं, मग सायकलचं नुसतं चाक. खाली पोरगा मागे वाकून जमिनीवरची नोट डोळ्यांच्या पापण्यांनी उचलतो, लोखंडी कड्यातून दोघं एकदम अंग काढतात. खेळ फार तर अर्धा तास.

काठीकडे लोक सजावट म्हणून बघतात. सगळी विद्या तिच्यात आहे. लांब आणि जड काठी आडवी धरली की अंगाचं कलंडणं मंदावतं. तोल जातोच, सगळ्यांचाच जातो. काठी तो जाण्याला उशीर लावते आणि त्या उशिरात पाऊल सावरून घेता येतं. काठीची टोकं खाली झुकलेली असली तर आणखी बरं, कारण भार खाली येतो. पोरीची नजर पायावर नसते, समोरच्या कैचीच्या टोकावर असते. पायाला दोर तळव्याने कळतो, अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये धरून. आणि ढोलवाला? तो लोकांकडे पाहून ओरडत असतो, पण कान-डोळे दोरावर. पोर थबकली की ठेका थबकतो, ती निघाली की निघतो. ढोल गर्दी जमवायला असतो हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं त्या दोघांमधलं आहे.

हे काम करणारे समाज सरकारी यादीत भटक्या जमाती (ब) या वर्गात नोंदले आहेत : कोल्हाटी, डोंबारी; आणि गोपाळ, ज्यांच्या एका शाखेचं नावच खेळकरी आहे. गोपाळांच्या अंगात कसरत आणि कुस्ती दोन्ही. बीडच्या सीमेला लागून पाथर्डी तालुक्यात मढी आहे, कानिफनाथांचं ठाणं. होळीपासून पाडव्यापर्यंत तिथली यात्रा चालते, रंगपंचमीला ऐन गर्दी होते, आणि भटक्यांचे किती तरी समाज तिथे वर्षातून एकदा एकमेकांना भेटतात. गोपाळांना तिथे होळीचा मान आहे. या कसरतीची परंपरा किती जुनी, याला शिलालेख शोधायची गरज नाही. गोदावरीपलीकडे, गेवराईच्या समोर पैठण. तिथल्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडांसाठी जी पात्रं निवडली त्यांत गारुडी आहे, कोल्हाटीण आहे. आपल्या श्रोत्यांना जे रोज दिसतं तेच नाथांनी घेतलं.

शिवाय घोडा. सर्कशीचा सगळा संसार घोड्याभोवती उभा राहिला हे आज कुणाच्या लक्षात नसतं. फिलिप अ‍ॅस्टली हा घोडदळातून बाहेर पडलेला इंग्रज शिपाई. त्याने १७६८ मध्ये लंडनला घोड्यावरच्या कसरतींचे खेळ सुरू केले आणि त्याच्या रिंगणाचा व्यास पुढे ४२ फुटांवर स्थिरावला, तो जगभर आजही जवळपास तोच आहे. कारण साधं आहे. घोडा सरळ धावत असेल तर त्याच्या पाठीवर उभं राहणं महाकठीण. तो गोल धावू लागला की स्वार आत झुकतो, बाहेर फेकणारा जोर त्याचे पाय घोड्याच्या पाठीवर दाबून धरतो आणि उभं राहता येतं. रिंगण फार लहान केलं तर घोडा दौडत नाही, फार मोठं केलं तर हा जोर मिळत नाही. अ‍ॅस्टलीला हे अनुभवाने सापडलं. आषाढीच्या वाटेवर मोकळ्या रानात रिंगण लागतं, पताकांच्या मधून माउलींचा अश्व दौडतो आणि हजारो लोक गोल बसून श्वास रोखून पाहतात, हे दृश्य वारकऱ्यांच्या मुलखाला शिकवावं लागलं नाही. नाथांची पालखी पैठणहून आमच्याच जिल्ह्यातून पंढरीला जाते. गोल बसायचं, मधली जागा मोकळी सोडायची, आणि मधे जे होईल ते सगळ्यांनी मिळून पाहायचं, एवढी तयारी असली की सर्कशीचा प्रेक्षक झालाच.

आता तंबूकडे. भारतीय सर्कस मराठी माणसाने उभी केली. विष्णुपंत छत्रे हे सांगलीच्या मुलखातले. ग्वाल्हेरला त्यांनी दोन विद्या घेतल्या : घोड्यांची आणि गाण्याची. गाणं हद्दूखाँकडून. १८७९-८० च्या सुमारास ज्युसेप्पे किआरिनी हा इटालियन आपली सर्कस घेऊन मुंबईत आला होता. ती पाहून, आणि हे तुमच्या देशात कुणाला जमायचं नाही अशा अर्थाचं त्याचं बोलणं ऐकून विष्णुपंत ईर्ष्येला पेटले, अशी हकिगत आहे. हकिगतीला मीठमिरची लागली असेलही. तारीख मात्र नोंदलेली आहे : २० मार्च १८८० ला ‘ग्रेट इंडियन सर्कस’चा पहिला खेळ झाला. पुढे म्हैसाळकर देवलांची सर्कस निघाली, कार्लेकरांची निघाली, शेलारांची रॉयल सर्कस निघाली. शेलारांच्या तंबूत पोरवयात सायकलच्या कसरती करणारा त्यांचा पुण्याचा भाचा दामू धोत्रे पुढे वाघसिंहांचा शिक्षक झाला आणि १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या रिंगलिंग बंधूंच्या सर्कशीत झळकला.

विष्णुपंतांबद्दल एक गोष्ट मला फार आवडते, ती इथे अस्थानी असली तरी सांगतो. गुरुपुत्र रहिमतखाँ यांना त्यांनी आपल्याबरोबर ठेवलं, सर्कशीबरोबर फिरवलं. म्हणजे एकाच मुक्कामात वाघाची डरकाळी, घोड्यांच्या टापा आणि ग्वाल्हेरचा ख्याल. आज आपण या गोष्टींना वेगवेगळ्या दर्जाच्या खोल्यांत कोंडलं आहे. त्या माणसाला त्यात विसंगती दिसली नाही, कारण श्वास, दम आणि सम तिन्हीकडे लागतात हे त्याला ठाऊक होतं.

मग मराठी सर्कस गेली कुठे? याचं उत्तर केरळात आहे. विष्णुपंतांची सर्कस १८८० च्या दशकात मलबारात तलश्शेरीला गेली. तिथे कीलेरी कुंञिक्कण्णन नावाचे कसरतीचे आणि कळरी या युद्धकलेचे शिक्षक भेटले. सर्कशीला शिकलेली माणसं हवीत आणि ती शिकवून तयार करता येतात, हे त्या भेटीतून कुंञिक्कण्णनांनी ओळखलं. १९०१ मध्ये तलश्शेरीजवळ चिरक्करा इथे त्यांनी सर्कशीची शाळा काढली. पुढचं शतक त्या शाळेचं आहे. त्यांच्या शिष्यांनी आणि शिष्यांच्या शिष्यांनी सर्कशी काढल्या, चालवल्या, भरल्या. १९५१ मध्ये जेमिनी सर्कस उभी राहिली ती गुजरातेत बिलिमोऱ्याला, पण उभी करणारे तलश्शेरीच्या परंपरेतले. बाबुराव कदमांनी १९२० मध्ये काढलेली बॉम्बे सर्कससुद्धा पुढे केरळी हातांत गेली. आमच्याकडे मालक झाले, धाडसी माणसं झाली, कीर्ती झाली; शाळा झाली नाही. आणि हे ज्या मुलखात झालं, त्याच मुलखात गावोगाव दोरावर चालणारी पोरं होती. त्यांना कुणी शाळेत घालण्याचा विचार केला नाही, कारण त्यांच्याकडे असलेली गोष्ट विद्या आहे हेच कुणाला दिसलं नाही.

मल्लखांबाशी ताडून पाहिलं की ही गोष्ट जास्त टोचते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला आजचं रूप दिलं असं मानतात. तोच तोल, तीच पकड, तीच पाठीची लवचीकता. पण त्याला आखाडा मिळाला, मग शाळेचं मैदान, मग संघटना, स्पर्धा, गुण देण्याचे नियम, शिवछत्रपती पुरस्कार, अलीकडे खेलो इंडियाच्या स्पर्धांत जागा. दोरीच्या मल्लखांबावर चढलेल्या मुलीला प्रमाणपत्र मिळतं. बाजारातल्या दोरावर चढलेल्या मुलीपुढे थाळी फिरते. दोघींच्या पोटऱ्यांमधले स्नायू शेजारी ठेवले तर कुठली कोण हे वैद्यालाही सांगता येणार नाही.

कायद्याने हा फरक आणखी पक्का केला. मुंबई इलाख्याचा करमणूक कराचा कायदा १९२३ चा. सर्कस त्यात करमणूक म्हणून बसत असे. तिकीट निघे, सरकार आपला वाटा घेई, म्हणजे धंद्याला मान्यता मिळे. १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात लागू आहे. त्यात भिकेची जी व्याख्या आहे तिच्यात सार्वजनिक जागी गाऊन, नाचून, भविष्य सांगून किंवा खेळ करून पैसे मागणंही येतं. एकच कोलांटी, कनातीच्या आत मारली तर करमणूक, बाहेर मारली तर भीक. इंग्रजांनी १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा करून फिरत्या माणसाकडे संशयाने पाहायची सरकारी सवय लावली. तो कायदा १९५२ मध्ये गेला, सवय गेली नाही. गावाबाहेर पाल पडलं की पोलीस पाटलाने जाऊन नावं लिहून घ्यायची हे अनेकांनी पाहिलेलं आहे. सर्कशीचा तंबू पडला की मात्र पासासाठी रांग.

तंबूतल्या माणसांचंही फार बरं चाललं आहे असं कुणी समजू नये. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत त्यांच्यावर दोन मोठे घाव बसले आणि दोन्ही वेळा न्याय बहुतांशी घाव घालणाऱ्यांच्या बाजूला होता. १९९८ मध्ये केंद्र सरकारने वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं आणि माकडं यांच्या खेळांवर बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने १ मे २००१ रोजी ती कायम केली. मग १८ एप्रिल २०११ चा निकाल आला, लहान मुलांना सर्कशीत कामाला ठेवण्याविरुद्ध. त्या प्रकरणाच्या मुळाशी नेपाळमधून आणि गरीब गावांतून करार-उचलीवर आणलेली, परतीची वाट बंद झालेली मुलं होती. उचल म्हणजे काय हे बीडच्या वाचकाला समजावून सांगायला नको. ऊसतोडीच्या कोपीत आणि सर्कशीच्या राहुटीत राहणारी मुलं एकमेकांना भेटली असती तर त्यांना ओळख करून घ्यायला फार वेळ लागला नसता : शाळा बुडालेली, आई-बाप पहाटेच कामाला, आणि दर काही आठवड्यांनी नवं गाव.

वाघ गेल्यावर लोक म्हणू लागले, आता सर्कशीत पाहायचं काय? हा प्रश्न मला नेहमी विचित्र वाटतो. पिंजऱ्यातला वाघ स्टुलावर बसतो यात वाघाचं काही कौतुक नाही, त्याच्या भुकेचं आणि भीतीचं आहे. सिंह गेले आणि सर्कस पुन्हा माणसाच्या अंगावर आली. आज जी काही चांगली सर्कस तग धरून आहे, पुण्याच्या रॅम्बोसारखी, तिचा खेळ कसरतींवर उभा आहे. इथियोपिया, टांझानियाचे खेळाडू येतात, पूर्वेकडच्या राज्यांतल्या मुली असतात, केरळातले जुने उस्ताद शिकवायला असतात. मराठी कलाकार शोधावे लागतात.

कसरत पाहायची कशी, याबद्दल थोडं लिहितो, कारण तंबूत बसलेले बहुतेक लोक चुकीच्या माणसाकडे पाहत असतात. झुल्यांचा खेळ घ्या. फ्रान्समधल्या झ्यूल लिओतार याने १२ नोव्हेंबर १८५९ रोजी पॅरिसमध्ये एका झुल्यावरून सुटून दुसरा झुला पहिल्यांदा पकडून दाखवला. खाली जाळी नव्हती, गाद्या होत्या. त्यानंतर त्यात पकडणारा माणूस आला आणि खेळाचा जीव त्याच्याकडे गेला. सगळे उडणाऱ्या मुलीकडे पाहतात. तुम्ही गुडघ्यांत झुला अडकवून उलटा लोंबकळणाऱ्या जाडजूड माणसाकडे पाहा. हेलकाव्याला लागणारा वेळ दोरीच्या लांबीवर ठरतो, वजनावर जवळजवळ नाही. म्हणून चाळीस किलोची मुलगी आणि ऐंशी किलोचा गडी एका तालात झुलू शकतात. पण ताल कुठून धरायचा हे तो ठरवतो. तो मोजत असतो. तो एकदा जास्त झुलला किंवा मुलगी फळीवरून पाव सेकंद उशिरा निघाली, की दोघं हवेत भेटतच नाहीत. मुलगी झुल्याच्या अगदी वरच्या टोकाला हात सोडते, कारण तिथे अंग क्षणभर थांबलेलं असतं, ना वर जात ना खाली. त्याच क्षणात कोलांट्या मारायच्या. आणि पकड हातात हात अशी नसते. मनगटाला मनगट. घामेजलेला तळहात निसटतो, मनगट मनगटात अडकतं; हात चोळून पांढरी पूड लावतात तीही घामासाठीच.

परत येणं त्याहून अवघड. तो तिला सोडतो तेव्हा तिचा रिकामा झुला बरोबर तिच्यासमोर यायला हवा. तो कोण पाठवतं? फळीवर एका हाताने खांब धरून उभा असलेला तिसरा माणूस. त्याच्यावर कधी दिवा पडत नाही, टाळी तर नाहीच. झुला त्याने क्षणभर आधी सोडला तरी खेळ बुडाला. पुढच्या वेळी तंबूत बसाल तेव्हा एक उडी तरी फक्त त्याच्यासाठी राखून ठेवा.

जाळीचंही तसंच. जाळी आहे म्हणजे भीती नाही असं गॅलरीतल्यांना वाटतं. जाळीवर पाय किंवा हात आधी टेकले तर ते मोडू शकतात. पाठीवर, हनुवटी छातीला लावून, अंग सैल सोडून पडावं लागतं. पडायला शिकणं हा पहिला धडा आहे, उडणं नंतर. शेवटी सगळे एकामागून एक जाळीत उड्या टाकतात आणि लोक उठून चपला शोधू लागतात. वास्तविक तेव्हा बसून राहायला हवं. त्या उड्यांत पाठांतर केलेलं पडणं दिसतं.

आणि जोकर. झुल्यावर चढून घाबरणारा, दुसऱ्याचा पाय धरून लोंबकळणारा, पकडणाऱ्याच्या हातात स्वतःऐवजी स्वतःची पँट सोडून जाणारा. हसू येतं, यायलाच हवं. पण चुकीच्या क्षणी निसटून बरोबर जागी पडायचं म्हणजे बरोबर क्षण कोणता हे इतरांपेक्षा नेमकं माहीत हवं. सर्कशीत जोकरला सगळं थोडंथोडं येतं असं म्हणतात. थोडंथोडं हा शब्द मला कमी वाटतो.

दोर, झुला, खांब यांबद्दल इतकं लिहिल्यावर एक गोष्ट टाळता येत नाही. तंबूतून मुलं निघाली, रस्त्यावरच्या दोरावर ती अजून आहेत. दोरावरची पोर पाहून टाळी वाजवायची की तिच्या शाळेची चौकशी करायची? माझं उत्तर एका बाजूला झुकलेलं आहे : तिने शाळेत जायला हवं. पण शाळेत जाणं म्हणजे दोर विसरणं, हे मला मान्य नाही. तलश्शेरीत १९०१ मध्ये जे सुचलं ते बीडला किंवा अंबाजोगाईला आज का सुचू नये? मल्लखांबाच्या स्पर्धेत जसा खांब आहे, दोरीचा मल्लखांब आहे, तसा ताणलेल्या दोराचा एखादा प्रकार असायला काय हरकत आहे? शिकवणारे शोधायला लांब जायला नको. बाजाराच्या दिवशी वेशीपाशी उभं राहिलं तरी पुरे. ज्या बापाला आपल्या पोरीच्या पावलाचा नेम ढोलावरून कळतो तो कुठल्याही क्रीडा शिक्षकाइतका शिक्षक आहे; त्याच्याकडे पदवी नाही आणि आपल्याकडे त्याला द्यायचा पगार नाही, एवढंच. हे लिहिताना मला माहीत आहे की अशा सूचना प्रस्तावनांत छान दिसतात आणि जिल्हा परिषदेच्या फायलीत शिरत नाहीत. तरी लिहून ठेवतो. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ चा आहे, आणि पालांवरची मुलं त्यातून अजून गळतात.

या पुस्तकातले लेख आठवणीच्या अंगाने जातात. त्यांत सर्कशीतले लोक आहेत, डोंबाऱ्याचा खेळ पाहिलेले आहेत, यात्रांतली गर्दी आहे, आणि बऱ्याच जागी एकमेकांशी न पटणारे तपशील आहेत. एकाला तंबूत तीन खांब आठवतात, दुसऱ्याला चार. संपादकांनी ते जुळवून घेतले नाहीत हे चांगलं केलं. परळीची महाशिवरात्र, अंबाजोगाईच्या योगेश्वरीची मार्गशीर्षातली यात्रा, कपिलधारला कार्तिकातली मन्मथस्वामींची यात्रा या तिन्ही ठिकाणी पाळणे, मौत का कुआ, खेळणी, जिलबी आणि कुठे तरी कोपऱ्यात कैच्यांवर ताणलेला दोर असा जो पसारा असतो, तो ज्याने पाहिला आहे त्याला ही सरमिसळ ओळखीची वाटेल. ज्याने पाहिला नाही त्याने सलग वाचण्यापेक्षा यात्रांवरची पानं आधी वाचावीत. तिथून तंबूकडे जाणं सोपं पडतं.

वाचून झाल्यावर खेळ पाहायला जाणाऱ्यांसाठी दोन सूचना. तंबूत पुढच्या खुर्च्यांची तिकिटं महाग असतात आणि झुल्यांच्या खेळासाठी त्या सगळ्यात वाईट. मान दुखते आणि पकडणाऱ्याचं तोंड दिसत नाही. गॅलरीत वर बसावं. शक्य असेल तर मुक्कामाच्या शेवटच्या रात्रीचा खेळ गाठावा आणि संपल्यावर लगेच घरी जाऊ नये, कारण जाळी सोडणं, खांब उतरवणं, मेखा उपटणं त्याच रात्री सुरू होतं आणि मघाशी हवेत असलेली माणसं त्यात हात लावताना दिसतात. रस्त्यावरच्या खेळाला मात्र अगदी पुढे उभं राहावं, पोरांच्या मागे, आणि थाळी फिरू लागली की मागची रांग विरळ व्हायला लागते तेव्हा जागचं हलू नये. सुट्टे पैसे घरूनच घेऊन जावेत.